पाळण्यावरची खेप

तांडेल त्या दिवशी मत्स्य खात्याच्या कचेरीत गेला होता तो नळाची तक्रार करायला. धक्क्यावरचा गोड्या पाण्याचा नळ बरेच दिवस नुसता फुसफुसत होता आणि टोपल्या धुवायला बायकांना लांबून पाणी वाहावं लागत होतं. सकाळी चहा पुढे ठेवताना त्याच्या बायकोने बजावलं होतं, “आज नळाचं काहीतरी करूनच या. नाहीतर उद्यापासून पाणी तुम्हीच भरा.” नळाचं काही झालं नाही. तांडेल घरी आला तो पाळण्यावर जायचं कबूल करून.

पुढे कितीदा तरी त्याच्या मनात यायचं, त्या दिवशी कचेरीला सुट्टी असती तर? नाहीतर तो नळ आधीच कुणीतरी दुरुस्त करून टाकला असता तर? पण जरतरला काही अर्थ नसतो. गेला तो गेलाच.

पाळणा म्हणजे समुद्रातला एक उथळ पट्टा. संध्याकाळी बंदर सोडलं की पहाटे तिथे पोचता येई. चहूबाजूंनी खोल पाणी आणि मधेच तळ असा वर उचललेला, जणू कुणी खालून तळहात धरलाय. मासे तिथे अंडी घालायला येत, म्हणून जुन्या लोकांनी त्याला पाळणा म्हटलं. तिथला मुख्य मासा म्हणजे आजोबा. खरं नाव काहीतरी वेगळं असेल, पण करडी पाठ, हनुवटीखाली लोंबणारा मिशीसारखा एक केस आणि सगळं बघून बसल्यासारखे डोळे, म्हणून सगळे आजोबाच म्हणत. तांडेलाच्या तरुणपणी पाळण्यावरून परतणाऱ्या बोटी काठापर्यंत पाण्यात बुडालेल्या असत, इतका मासा. मग इंजिनं मोठी झाली, तळ खरवडत जाणारी जड जाळी आली. पीक कापता कापता लोकांनी बियाणंही खाऊन टाकलं. शेवटी शेवटी जाळ्यात नुसता चिखल आणि फुटके शिंपले यायला लागले, तेव्हा सरकारने पाळणा बंद केला. आधी लोकांनी शिव्या घातल्या, मग काहींनी चोरून जाऊन पाहिलं, मग चोरायलाही काही उरलं नाही. बंदरातल्या अर्ध्या बोटी मोडीत गेल्या. पोरं शहरात कारखान्यांत लागली. आजोबा मासा शाळेतल्या मुलांना फक्त खात्याच्या भिंतीवरच्या चित्रात दिसायचा.

कचेरीत नव्या आलेल्या बाई होत्या. चष्मा लावणाऱ्या, किडकिडीत, वयाने तांडेलाच्या मुलीएवढ्या. नळाचं त्यांनी मन लावून ऐकून घेतलं आणि मग खुर्ची थोडी पुढे ओढून म्हणाल्या, “काका, पाळण्यावर चाचणी करायची आहे. मासा परत आलाय का, ते बघायचंय. तुमच्याइतकी ती जागा कुणाला माहीत नाही, असं सगळे सांगतात.”

“सगळे म्हणजे आता उरलेत किती?” तांडेल म्हणाला. पण खुर्ची त्यानेही पुढे ओढली.

अटी सोप्या होत्या. थोडा वेळ जाळं टाकायचं, आलेला मासा बाईंनी मोजायचा, मापायचा आणि जिवंतच परत सोडायचा. एकही घरी आणायचा नाही. मासा बरा दिसला तर पुढे विचार करून, ठरावीक बोटींना, ठरावीक दिवस पाळणा खुला होईल.

बोटीवर चौघेच जाणार होते. बाई, तांडेल, त्याचा जावई आणि इंजिन सांभाळायला तांडेलाचा धाकटा भाऊ. या भावाला सगळं बंदर भोंगा म्हणायचं. जन्मभर इंजिनाशेजारी बसून त्याचे कान गेले होते आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे जगालाच येत नाही अशा समजुतीने तो ओरडून बोलायचा. सकाळी त्याने “वहिनी, चहा!” म्हटलं की पलीकडच्या आळीतल्या लोकांना चहाची आठवण व्हायची. लग्न केलं नव्हतं त्याने. आई गेली तेव्हा तो लहान होता, नव्याने घरात आलेल्या वहिनीनेच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं. तो घरात आहे म्हणून घरातले सगळेच मोठ्याने बोलायचे. पाहुण्यांना वाटायचं, या घरात सदा भांडण चाललंय.

पाळण्याचं नाव काढल्यावर भोंगा जेवता जेवता थांबला.

“कशाला, दादा?” तो ओरडला. “निजलंय ते पोर. निजू दे की.”

“उठवायचं नाहीये रे. नुसतं डोकावून बघायचंय.”

“नीट निजलेल्या पोराला डोकावून बघायला गेलं की तेच उठतं,” भोंगा म्हणाला. त्यावर वहिनी हसली, तांडेलही हसला. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भोंगा मुकाट्याने इंजिनघरात उतरून बसलेला होता. दादा जिथे जाईल तिथे तो जायचाच.

पहाट झाली तेव्हा ते पाळण्यावर होते. समुद्र तेल ओतल्यासारखा निवांत होता. वारा नाही, पक्षी नाही. पांढरं धुकं हळूहळू पाण्यावरून येत होतं, आणि त्याला एक वास होता, बंद खोली बऱ्याच दिवसांनी उघडल्यावर येतो तसा.

पहिलं जाळं टाकलं ते थोडाच वेळ. वर आलं तेव्हा त्यात चार-पाच आजोबा होते. जावयाने जन्मात पहिल्यांदा पाहिले. बाईंनी ते मापाच्या फळीवर आडवे घातले, मोजले, आणि एकेक करून पाण्यात सोडले. सोडताना प्रत्येकाला त्या हळूच काहीतरी म्हणत होत्या. तांडेल तोंड फिरवून उभा राहिला, कारण डोळे भरून आले होते आणि जावयासमोर ते दिसू द्यायचं नव्हतं.

मग बाईंना बोट लागली. पाणी इतकं शांत असताना लागावी हे नवलच, पण त्या पांढऱ्याफटक पडल्या आणि केबिनमध्ये जाऊन आडव्या झाल्या. “दुसरं जाळं थोडं थांबून टाका, काका,” एवढं म्हणाल्या.

तांडेल थांबला नाही.

दुसरं जाळं ओढताना विंच कण्हायला लागली. बोट एका अंगावर कलली. जाळं वर आलं आणि जावई दोन पावलं मागे सरला. आजोबाच आजोबा. करड्या पाठी एकावर एक, पोतं फाटून धान्य सांडावं तसे डेकवर ओसंडले. तांडेल तीस वर्षांनी लहान झाला. आणि एक गोष्ट त्याला तेव्हाच जाणवली होती, फक्त त्याने ती मनावर घेतली नाही. इतके मासे पडले, पण एकही तडफडला नाही. शेपटी आपटली नाही. पडल्या जागी पडून ते नुसते बघत होते.

“मामा, बाईंना उठवू का?” जावयाने विचारलं.

“थांब जरा.”

“का?”

तांडेलाने डेकखालच्या बर्फाच्या खणाकडे पाहिलं. “हे धक्क्यावर न्यायचे. विकायला नाही रे, दाखवायला. उद्या सकाळी लोकांना डोळ्यांनी बघू दे. बोटी मोडीत काढायला निघालेत सगळे. आपण नुसतं सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार?”

जावयाला ते पटलं. तांडेलालाही आपलं म्हणणं पटलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. त्याला एकदा, एकदाच, भरल्या बोटीने बंदरात शिरायचं होतं. दोघांनी मिळून सगळा मासा खणात उतरवला आणि वर बर्फ पसरला.

मग धुक्याने बोट गिळली. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उभं राहिलं तर केबिन दिसेना. जवळूनच मोठ्या जहाजांचा रस्ता जात होता, तेव्हा अशा धुक्यात निघण्यात अर्थ नव्हता. तांडेलाने नांगर टाकायला सांगितला, इंजिन बंद झालं आणि सगळीकडे इतकी शांतता पसरली, की बोटीवरून निथळणाऱ्या पाण्याचे थेंब ऐकू यायला लागले.

दुपार झाली असावी, पण उजेड होता तसाच होता, दुधात पाणी घातल्यासारखा. भोंगा फडक्याला हात पुसत इंजिनघरातून वर आला आणि तांडेलाच्या शेजारी येऊन उभा राहिला.

“दादा,” तो म्हणाला, “खणात कोण आहे?”

तांडेल दचकला, तो प्रश्नाने नाही. भोंगा हळू बोलला होता. जन्मात पहिल्यांदा तो कुजबुजत होता.

“मासे आहेत. दुसरं कोण असणार?”

“श्वास घेतायत...”

तांडेल मोठ्याने हसला. “मघापासून चहाला हाका मारतोय त्या ऐकू आल्या नाहीत. माशांचा श्वास बरा ऐकू आला.”

भोंगा हसला नाही. त्याने थोरल्या भावाचं मनगट धरलं, लहानपणी अंधारात परसाकडे जाताना धरायचा तसं, आणि त्याला खाली नेलं. इंजिनघर आणि बर्फाचा खण यांच्यामध्ये एकच लाकडी भिंत होती. भोंग्याने दादाचा तळवा त्या फळ्यांवर टेकवला.

“हात काढू नकोस.”

लाकूड गार होतं. आधी काही नव्हतं. मग फळी हाताखाली किंचित फुगली आणि सावकाश मागे गेली. पुन्हा फुगली. पुन्हा मागे गेली.

“बोट हलतेय,” तांडेल म्हणाला. बोट हलत नव्हती, हे त्याला माहीत होतं.

“आता बघ...” भोंग्याने तोंड मिटलं, श्वास रोखला. फळी थांबली. भोंग्याचा चेहरा लाल व्हायला लागला, गळ्याच्या शिरा ताठल्या, तरी फळी स्तब्ध होती. मग त्याने श्वास सोडला आणि फळी मागे गेली.

“माझ्याबरोबर घेतात,” भोंगा कुजबुजला. “मी थांबलो की थांबतात. दादा... सोडून देऊ त्यांना. आत्ताच.”

तांडेलाने हात झटकून काढला. त्याला भीती वाटली होती. आणि भीती वाटली की माणूस चिडतो, तसा तो चिडला. इतक्या वर्षांनी हाताला लागलेलं सुख कुणीतरी हिसकावून घेतंय असं त्याला वाटलं.

“उद्या धक्क्यावर नेल्याशिवाय एक मासा हलणार नाही,” तो म्हणाला. “आणि बोट मी काय बहिऱ्याच्या कानांवर चालवू का?”

भोंग्याने ते ऐकलं. ते तर त्याला नेमकं ऐकू गेलं. तो मान हलवून म्हणाला, “बरं, दादा.”

यानंतर तो तांडेलाशी बोलला नाही.

तांडेल वर आला आणि त्याने जावयाला खणात नजर टाकायला पाठवलं. जावई झाकण उघडून आत उतरला आणि लगेच बाहेर आला.

“जिवंत आहेत, मामा. बर्फाखाली कल्ले हलतायत.”

“ताजे आहेत म्हणून.”

“आणि सगळ्यांची तोंडं...” जावई थांबला. “आपण कसेही टाकले होते ना? आता सगळ्यांची तोंडं इंजिनघराच्या भिंतीकडे आहेत.”

“झाकण लाव. कडी घालून टाक.”

कडीचा खिळा जागेवर नव्हता. तो शोधायला जावई मागच्या बाजूला गेला. धुकं असं होतं, की दोन पावलांवर तो नाहीसा झाला. खिळा सापडायला वेळ लागला. परत येऊन त्याने झाकण ओढलं, कडी घातली, खिळा ठोकला. आत डोकावून पाहायचं त्याला सुचलं नाही. सुचलं असतं तरी, पुढे तो म्हणायचा, धीर झाला नसता.

थोड्या वेळाने आवाज सुरू झाला.

ठक... ठक... ठक.

झाकणाच्या खालून. घाईचा नव्हे, घाबरलेला नव्हे. रात्रपाळी करून आलेला माणूस स्वतःच्याच घराचं दार वाजवतो, निजलेल्यांची झोपमोड होऊ नये म्हणून हळूच, तसा.

जावयाने सासऱ्याकडे पाहिलं.

“शेपट्या आपटतायत,” तांडेल म्हणाला.

इतका वेळ एकाही माशाने शेपटी आपटली नव्हती. दोघांनाही ते माहीत होतं. दोघंही धुक्याकडे बघत उभे राहिले. आवाज बराच वेळ येत राहिला, मग दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत गेलं, आणि मग थांबला. तो थांबल्यावर तांडेलाला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज त्याला पुढे जन्मभर पुरली.

धुकं विरलं तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. तांडेलाने इंजिन सुरू करायला हाक मारली. उत्तर नाही. यात नवल नव्हतं, म्हणून तो स्वतः खाली गेला. इंजिनघरात दिवा चालू होता. फडकं घडी घालून ठेवलेलं होतं. भोंगा नव्हता. नाळेवर नव्हता, जाळ्यांच्या ढिगामागे नव्हता, स्वयंपाकाच्या खोपटात नव्हता. हाका ऐकून बाई भिंत धरत धरत केबिनमधून बाहेर आल्या.

“खणात पाहिलंत?” त्यांनी विचारलं.

“खणाला बाहेरून कडी आहे,” जावई म्हणाला.

हे वाक्य बोलून होतंय तोच त्याचा अर्थ तिघांच्याही ध्यानात आला. मग तांडेल धावला. खिळा निघता निघेना, बोटं सोलवटली, शेवटी जावयाने हातोडीने तो उडवला.

आत बर्फ होता. पांढरा, सपाट, कुणी हात फिरवून सारखा केल्यासारखा. मासा एकही नव्हता. माणूसही नव्हता. खणाला दुसरं दार नाही, भोक नाही, पाणी बाहेर जायची नळी मनगटाएवढीसुद्धा जाड नाही. तांडेलाने फावड्याने आणि मग नुसत्या हातांनी तळाच्या फळ्यांपर्यंत बर्फ उपसला. माशाचा एक खवलाही सापडला नाही. इतका मासा जिथे भरून ठेवला होता, तिथे माशाचा वास नव्हता. वास होता तो डिझेलचा, भोंग्याच्या कपड्यांना यायचा तसा.

बाईंनी वायरलेसवरून कळवलं. दुसऱ्या बोटी आल्या, गस्तीची बोट आली, दोन दिवस पाळणा पालथा घातला. काही मिळालं नाही. चौकशीत निघालं की धुक्यात तोल जाऊन पडला असावा, कानाने अधू असल्याने मारलेल्या हाका ऐकू आल्या नसाव्यात. तांडेलाने घडलं तसं सांगितलं होतं. जबाब लिहिणाऱ्याने त्याला पाणी प्यायला दिलं, खांद्यावर हात ठेवला आणि वेगळंच काहीतरी लिहिलं.

घरी मात्र त्याला वेगळं काही सांगता येणार नव्हतं. बायको दारातच उभी होती. त्याने ओट्यावर बसून तिला सगळं सांगितलं, फळीवर टेकवलेल्या हातापासून कडीपर्यंत. तिने मधे एकदाच विचारलं.

“तो ऐकू येतंय म्हणाला, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?”

तांडेलाने तेही सांगितलं.

ती उठून आत गेली. त्या दिवसापासून त्या घरात कुणी मोठ्याने बोलेनासं झालं. ओरडायचं कारणच उरलं नव्हतं. शेजारच्या बाया म्हणायच्या, किती वर्षांनी या घरात शांतता आली. त्या चांगल्या मनानेच म्हणायच्या. सकाळच्या चहाच्या वेळेला तांडेल उठून बाहेर जाऊन बसायचा.

काही दिवसांनी खात्यातल्या बाई भेटायला आल्या. पाळणा पुन्हा बंद केलाय, म्हणाल्या, आपण असेपर्यंत तरी उघडू देणार नाही. चहा प्यायल्या नाहीत. कप हातात धरून बसून राहिल्या.

“काका, मी केबिनमध्ये पडले होते ना... मला ठोकल्याचा आवाज आला होता. बराच वेळ. मला वाटलं, तुमचं जाळ्याचं काही काम चाललं असेल.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “मी उठून विचारायला हवं होतं.”

तांडेलाने गार झालेला कप त्यांच्या हातातून घेतला. त्या गेल्यावर त्याला वाटलं, तिघांनी ऐकलं, तिघांनी आपापली समजूत घातली, आणि खरं ऐकू आलं ते त्या एकालाच.

तांडेलाने बोट सोडली. पुढच्या हंगामात जावयाने ती बाहेर काढली, इंजिनावर दुसरा माणूस घेतला आणि जवळच्याच पाण्यात, नियमात बसेल तेवढी मासेमारी करायला लागला. मासेही साधेच येत, मेलेले, वास मारणारे, देवाने केले तसे. सगळं सुरळीत होतं. एक दिवस जेवताना जावई म्हणाला, “मामा, खणाच्या फळ्या बदलायला झाल्यात. इंजिनघराच्या बाजूला बर्फ वितळतो. एकाच जागी.”

“इंजिनाची ऊब लागत असेल.”

“इंजिन बंद असतानाही वितळतो. आणि असा... काय सांगू. तुम्हीच बघा.”

तांडेल दुपारी, बोटीवर कुणी नसताना, खणात उतरला. भिंतीलगत बर्फात एक खळगा होता. लांबट, एका अंगाला वळलेला, मधे गुडघे पोटाशी घेतल्यासारखा वाकलेला. भोंगा लहान असल्यापासून तसाच निजायचा. डोकं असतं त्या जागी, तोंडासमोर, बर्फात एक लहानसं खोल भोक पडलं होतं. फुंकर घालून पडावं तसं.

फळ्या बदलल्या. खळगा पडायचा थांबला नाही. जावई वैतागला, मग त्याला सवय झाली, तेवढ्या जागेत मासा ठेवायचा नाही एवढं त्याने ठरवून टाकलं. तांडेल मात्र बोट परतली की दर वेळी खाली उतरायचा. त्या खळग्याशेजारी बसून मोठ्याने बोलायचा, बहिऱ्याशी बोलावं तसं. घरातल्या गोष्टी सांगायचा. नळ दुरुस्त झाला, वहिनी बरी आहे, तुझी गादी उन्हात घातली होती. चुकलं रे माझं, असं त्याला म्हणायचं असायचं, दर वेळी ते ओठांपर्यंत यायचं, आणि इतक्या मोठ्याने ते म्हणता यायचं नाही. धक्क्यावरचे लोक ऐकतील, असं वाटायचं. म्हणून तो तेवढंच ठेवून बाकी सगळं बोलायचा.

यंदाच्या हंगामात एका संध्याकाळी बोट आली, मासा उतरवून झाला, आणि तांडेल नेहमीसारखा खाली गेला. भोंग्याचा खळगा होता तिथेच होता. त्याच्या शेजारी, अगदी लागून, दुसरा होता.

तांडेल त्याच्याजवळ वाकला. त्याला भीती वाटली नाही. उलट छातीवरचा दगड कुणी बाजूला करावा, तसं झालं. धाकट्याने जागा धरून ठेवली होती. गाडीत, कीर्तनात, जेवणाच्या पंगतीत थोरल्यासाठी नेहमी धरायचा, तशी. तांडेलाने चपला काढून बाजूला ठेवल्या आणि सावकाश, दुखरी कंबर सांभाळत, तो त्या दुसऱ्या खळग्यात आडवा झाला. बर्फ गार लागला नाही. त्याने तोंड भावाच्या बाजूला वळवलं आणि इतके दिवस अडकलेलं वाक्य अखेर हळूच म्हटलं.

मग त्याने पाय पसरले.

पाय खळग्याच्या टोकाला टेकेनात. त्याने अंग ताणलं, टाचा आणखी खाली नेल्या, तरी वीतभर जागा उरलीच. खांद्यांच्या बाजूलाही सैल होतं. तो उठून बसला आणि हाताने चाचपून पाहिलं. पुन्हा आडवा झाला. पुन्हा तेच.

खळगा त्याच्या मापाचा नव्हता. कुणातरी उंच माणसाचा होता.

वर डेकवर पावलं वाजली. जावई झाकणाशी आला आणि कंबरेत वाकून आत डोकावला. त्या बोटीवर त्याला सगळीकडे वाकावंच लागायचं.

“मामा, वर येताय ना?” तो म्हणाला. “पहाटे निघायचंय. बर्फ भरून घेतो.”